एका टाकीत पडलेलं अ‍ॅव्हरेज

माझ्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही असते, किराणा दुकानात उधारी लिहायला असते ना तसली. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, किती लिटर आणि पैसे एवढं लिहायचं. ही सवय अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते एसटीत ड्रायव्हर होते, आणि गाडी किती डिझेल खाते हा हिशेब रिटायर झाल्यावरही त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही. मी पहिली गाडी घेतली त्या दिवशी त्यांनी ही वही आणून दिली आणि म्हणाले, पेढे नंतर, आधी टाकी फुल कर आणि आकडा लिही.

गाडी साधीच आहे, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, २०१५ ची. मी नाशिकला इंदिरानगरला राहतो आणि कंपनी सिन्नरच्या एमआयडीसीत, त्यामुळे रोज जाऊन येऊन साधारण ६० किलोमीटर. रस्ता तोच, वेळ तीच, चालवणारा मीच. अ‍ॅव्हरेज बघायला यापेक्षा चांगली परिस्थिती नसते, कारण बाकी काहीच बदलत नाही.

तर वहीत काय होतं ते सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी लिटरला १७.४ किलोमीटरच्या आसपास. मग हळूहळू १७, मग १६.८, आणि गेलं वर्षभर १६.८ वरच स्थिर. आणि गेल्या दिवाळीनंतर एकदम १३.९.

पहिल्यांदा मला वाटलं भरणाऱ्याने टाकी गळ्यापर्यंत भरली असेल. असं होतं, ऑटो कट झाल्यावर पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला अजून लिटर-दीड लिटर ढकलतो आणि तुमचं गणित बिघडतं, त्यामुळे एका टाकीवरून काहीच ठरवायचं नाही. मी पुढच्या दोन टाक्या एकाच पंपावर, एकाच नोझलला, पहिल्या कटला थांबवून भरल्या. १४.१ आणि १३.७. म्हणजे खरंच पडलं होतं. महिन्याला १५०० किलोमीटर धरा, १६.८ ने ८९ लिटर लागतं आणि १३.९ ने १०८. एकोणीस लिटर जास्त, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन हजार रुपये नुसते जळत होते, आणि कुठे ते माहीत नाही.

ज्याला सांगावं तो एकच उत्तर देत होता, ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. कंपनीत, सोसायटीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळीकडे तेच. इथेनॉलमुळे झालं, आता काही करता येणार नाही, सोडून दे. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच लोक पुढे शोधायचं थांबतात.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागची ऊर्जा ६-७ टक्क्यांनी कमी होते, आणि आधी जे १० टक्केवालं मिळत होतं त्याच्या तुलनेत ३-४ टक्क्यांनी. नीती आयोगाचा २०२१ चा जो इथेनॉलचा रोडमॅप आहे त्यातही हेच दिलंय, की ई० साठी डिझाइन केलेल्या आणि ई१० साठी ट्यून केलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के कमी होईल. म्हणजे नुकसान आहेच, कोणी नाही म्हणत नाही, आणि माझं १७.४ वरून १६.८ झालं त्यात ई२० चा वाटा नक्की असणार. पण ई२० फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि माझ्या पंपावर ते दिवाळीच्या खूप आधीपासून होतं. मग दिवाळीनंतरच्या एका टाकीत १७ टक्के कसं पडेल? इंधनाने पडलं असतं तर इंधन बदललं त्या दिवशी पडलं असतं. शिवाय १७ टक्के हा आकडाच ई२० च्या आवाक्याबाहेरचा आहे.

मग मी एकेक बघायला घेतलं.

पंप माप मारतोय का हे आधी बघितलं कारण ते सोपं आहे. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. खूप जणांना हे माहीतच नसतं. मी मागितलं, मॅनेजरने काही कटकट न करता काढून दिलं, पेट्रोल बरोबर रेषेवर आलं. पंप सुटला.

गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी कोरडा. पेट्रोलचा वास नाही. लीकेज नाही.

टायर. इथे थोडं सापडलं. कंपनीने ३३ पीएसआय सांगितलंय, माझ्या टायरांत २७-२८ होतं. दिवाळीच्या गडबडीत महिना-दीड महिना हवा बघितलीच नव्हती, आणि थंडी पडली की टायरमधलं प्रेशर आपोआपही उतरतं. ३३ केलं, पुढची टाकी १४.२. म्हणजे फरक पडला पण चिमूटभर.

ब्रेक धरतोय का, हे मला वाटतं सगळ्यांनी करून बघावं कारण पैसे लागत नाहीत. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आलात की गाडी थांबवायच्या आधी शेवटचा थोडा भाग ब्रेक न दाबता आणायची, मग चारही चाकांच्या रिमजवळ हात न्यायचा, चिकटवायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल अडकलेली असते बऱ्याचदा. माझी चारही सारखीच होती. जॅकवर उचलून एकेक चाक हाताने फिरवलं, सगळी मोकळी. सोसायटीच्या उतारावर न्यूट्रलला सोडली तर नेहमीसारखी आपोआप गेटपर्यंत गेली.

एअर फिल्टरबद्दल सगळे बोलतात म्हणून सांगतो. कार्बोरेटरच्या जमान्यात फिल्टर चोंदला की गाडी खरंच जास्त पेट्रोल प्यायची. इंजेक्शनच्या गाडीत आत किती हवा आली हे कॉम्प्युटर मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो, त्यामुळे फिल्टर घाण झाला तर पिकअप मरतो पण अ‍ॅव्हरेजमध्ये फारसा फरक येत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबने २००९ मध्ये चोंदलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या होत्या, त्यातही हेच निघालं. माझा फिल्टर तर सप्टेंबरच्या सर्व्हिसला बदललेला होता.

एका गॅरेजला दाखवली तर त्यांनी बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, इंजेक्टर क्लीनिंग करा आणि ऑक्सिजन सेन्सर बदला, सहा हजारांपर्यंत जाईल. मी विचारलं सेन्सर खराब आहे हे कशावरून, तर म्हणाले, दहा वर्षं झाली ना गाडीला. मला हे पटलं नाही. सेन्सर खराब असू शकतो, पण आधी मोजा की, मग बदला.

आमच्या मेंटेनन्समधल्या एका मित्राकडे ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल होतं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारं, ते ईएलएम ३२७ म्हणतात ते, काडेपेटीएवढं. स्टिअरिंगखाली सॉकेट असतं त्यात घातलं, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं, फॉल्ट कोड बघितले, एकही नाही. चेक इंजिनचा दिवाही कधी लागला नव्हता. ऑक्सिजन सेन्सर छान वरखाली नाचत होता. फ्युएल ट्रिम प्लस पाचच्या आसपास होती, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा पाच टक्के पेट्रोल जास्त सोडत होता, ते ई२० चं असणार, कारण इथेनॉल जाळायला हवा कमी लागते म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. इथपर्यंत सगळं ठीक.

मग कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या पाण्याचं तापमान बघितलं, ५८ डिग्री.

मला वाटलं गाडी नुकतीच चालू केलीय म्हणून असेल. पण मी तेव्हा नाशिकरोड ओलांडून शिंद्याच्या टोलनाक्यापाशी होतो, घरून निघून अर्धा तास झाला होता. मोहदरी घाट चढताना ते ७१ पर्यंत गेलं, वर पोचल्यावर परत ६२. आणि संध्याकाळी घाट उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की आकडा डोळ्यांदेखत खाली यायला लागला, ६०, ५७, ५४, ५१. मी साइडला घेऊन दोन मिनिटं नुसता त्या आकड्याकडे बघत बसलो. पेट्रोलचं इंजिन गरम झालं की ८५ ते ९५ मध्ये स्थिर राहायला पाहिजे, मग घाट असो नाहीतर सपाट, थंडी असो नाहीतर मे महिना. माझं इंजिन पूर्ण गरम कधी होतच नव्हतं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, अरे मी तुला म्हटलं होतं त्र्यंबकला जाताना, हीटर लावला तरी पाय गारच राहतात. म्हटलं होतं तिने. आणि दुसरी गोष्ट तेव्हाच लक्षात आली. या गाडीत टेंपरेचरचा काटा नाही, फक्त एक दिवा आहे, इंजिन गार असलं की निळा आणि जास्त तापलं की लाल. निळा दिवा पूर्वी आमच्या कॉलनीतून बाहेर पडून पहिल्या सिग्नलच्या आसपास विझायचा. आता तो बिटको चौकापर्यंत तसाच असायचा, रोज दिसत होता, आणि मी थंडीवर ढकलत होतो.

आता हे असं का झालं, ते अण्णांनी शोधलं. त्यांना डोंगल वगैरे काही नको होतं. त्यांनी वही मागितली, चष्मा लावला, उलटी पानं चाळली आणि विचारलं, “आकडा नेमका कुठल्या टाकीपासून पडला?” मी दाखवलं. “आणि याच्या आधीच्या टाकीत आणि यात गाडीला काय झालं?” त्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: येवला, होज पाइप, ९५० रु.

भाऊबीज करून जालन्याहून परत येत होतो. वैजापूर सोडून येवल्याच्या अलीकडे लाल दिवा लागला, बोनेटमधून वाफ. वरचा होज पाइप फुटला होता. रस्त्यावरच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने सणाचा दिवस असूनही गाडी हातात घेतली, कुठूनतरी पाइप आणून बसवला, दीड तासात मोकळं केलं. पोरं दमली होती, अंधार पडत होता, त्या माणसाचे उपकारच वाटले मला, आणि आजही वाटतात. निघताना तो म्हणाला होता, “भाऊ, वॉल्व काढून टाकलाय आतला. आता गाडी कधीच गरम होणार नाही.” मला ते ऐकून बरं वाटलं होतं. काय काढलं हे मी विचारलंच नाही.

त्याने जे काढलं तो थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाणी फिरतं त्या वाटेवरचं हे छोटं दार. इंजिन गार असताना ते बंद राहतं, म्हणजे पाणी इंजिनच्या आतल्या आतच फिरतं आणि पटकन तापतं. साधारण ८२ डिग्रीला आतलं मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं, मग पाणी रेडिएटरला जाऊन थंड होऊन येतं. दार अडकून बंदच राहिलं तर गाडी उकळते, म्हणून आपल्याकडे गाडी गरम झाली की बरेच मिस्त्री ते सरळ काढून टाकतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर हे सर्रास चालतं, आणि अण्णा म्हणाले की त्यांच्या काळातही खासगी ट्रकवाले हेच करायचे. गाडी उकळत नाही हे खरं आहे. पण मग पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कायम गारठलेलं राहतं.

गार इंजिन पेट्रोल का खातं? एक तर गार भिंतींना लागून पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब चिकटून राहतात, म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. आपण हिवाळ्यात सकाळी चोक ओढायचो तेच, फक्त इथे चोक दिवसभर थोडा ओढलेलाच राहतो. ऑइलही घट्ट राहतं म्हणून इंजिनला स्वतःला फिरवायलाच जास्त जोर लागतो. आयडलिंग माझं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचे मिनिटाला फेरे, ९५० च्या खाली येत नव्हतं, पूर्वी ७५० असायचं. आणि पैशापेक्षा मोठं नुकसान म्हणजे न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं, इंजिन झिजतं. मी डिपस्टिक काढून वास घेतला. पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला.

चेक इंजिनचा दिवा का नाही लागला? गाडी बऱ्याच वेळ चालूनही तापमान वर येत नाही हे ओळखणारा एक कोड असतो, पी०१२८, पण माझ्या गाडीने काही तो दिला नाही. म्हणून दिवा नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका.

रविवारी सकाळी घरच्या पार्किंगमध्येच उघडलं, इंजिन पूर्ण गार असताना. होज जिथे इंजिनला जोडतो तिथे अ‍ॅल्युमिनियमची टोपी, दहा नंबरचे दोन बोल्ट. टोपी काढली, आत रिकामं. नुसती गोल खाच, आणि तिथून आलेलं पाणी गंजाने तांबूस झालेलं, कारण तिकडे घाईत साधं नळाचं पाणी भरलं होतं.

नवीन थर्मोस्टॅट गॅस्केटसकट ७८० रुपयांना मिळाला. बसवायच्या आधी अण्णांनी तो तपासायला लावला, डेपोतली त्यांची पद्धत. थर्मोस्टॅटच्या बंद दारात एक शिवणाचा दोरा चिमटीत पकडला जाईल असा अडकवायचा, त्या दोऱ्याने तो पातेल्यातल्या पाण्यात टांगता धरायचा आणि खाली गॅस लावायचा. आम्ही तिघं किचनमध्ये उभे, मी, अण्णा आणि माझा आठ वर्षांचा मुलगा. पाण्याच्या तळाला बारीक बुडबुडे आले, वाफ यायला लागली, थर्मोस्टॅट तसाच लटकलेला. मग पाणी उकळायच्या थोडं आधी टप्पकन दोऱ्यातून सुटून तो पातेल्याच्या तळाला पडला. दार उघडलं होतं. चिमट्याने बाहेर काढला तर मधली तबकडी नखभर वर उचललेली, आणि ओट्यावर ठेवल्यावर गार होत होत ती हळूच परत बसली. मुलाने तीन वेळा करायला लावलं.

बसवताना दोन गोष्टी. त्यावर एक बारीक लोंबती पिन असते, हवा निघायला, ती वरच्या बाजूला ठेवायची. आणि नुसतं पाणी भरायचं नाही, आत दोनदा साफ पाणी फिरवून काढून मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडिएटरची टोपी उघडी ठेवून, गाडी गार असतानाच चालू करून, बुडबुडे येणं थांबेपर्यंत थांबायचं, नाहीतर आत हवा राहते आणि गाडी परत तापते. तापलेल्या गाडीची टोपी कधी उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं तरी सांगतो. ऑइल आणि ऑइल फिल्टरही त्याच दिवशी बदलले.

सोमवारी सकाळी बाहेर १३ डिग्री होतं. निळा दिवा पहिल्या सिग्नलच्या जरा पुढे विझला. द्वारकेला ८१, नाशिकरोडला ८८, आणि मग सिन्नरपर्यंत ८६ ते ९१ मध्ये. घाट उतरतानाही ८४ च्या खाली गेलं नाही. पहिली टाकी १६.३, दुसरी १६.६, तिसरी १६.७. राहिलेल्या ०.१ साठी मी काही करणार नाहीये.

परवा परत जालन्याला गेलो तेव्हा येवल्यात मुद्दाम थांबलो. त्या मिस्त्रीला सगळं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, आणि त्याने ऐकूनही घेतलं. म्हणाला, “दिवाळीत दुकानं बंद, तुमच्या गाडीचा वॉल्व मिळणार कुठून भाऊ? जुना अर्धवट अडकत होता, तो तसाच ठेवला असता तर तुम्ही निफाडलाच परत उभे राहिला असतात.” त्याचं म्हणणं बरोबर आहे, त्या रात्री मीही तेच केलं असतं. मी एवढंच म्हटलं की काढलात तर बिलावर लिहून देत जा, घरी गेल्यावर नवीन बसवून घ्या म्हणून. तर तो म्हणाला, बिल कोण जपून ठेवतं, आणि टपरीतून जाड मार्कर घेऊन आला. आता वॉल्व काढला की कूलंटच्या पांढऱ्या डब्यावर “वॉल्व नाही” असं लिहून तारीख टाकणार म्हणाला, म्हणजे पुढचा मिस्त्री बोनेट उघडेल तेव्हा त्याला आधी तेच दिसेल.